खोगिराखालची पाठ

संध्याकाळी खोगीर उतरवले म्हणजे घोड्याच्या पाठीवर दिवसाचा सारा हिशेब उमटलेला दिसतो. घामाने केस चिकटून बसलेले असतात, गादीच्या कडांची रेघ कातडीवर उठलेली असते, आणि जाणत्या माणसाची नजर त्या ओल्या पाठीवर एखादी कोरडी जागा शोधत फिरते. सर्वांग घामेजलेले असताना तळहाताएवढा तुकडा तेवढा कोरडा राहावा, हे वरवर पाहता सुखाचे चिन्ह वाटेल. पुष्कळदा ते दुखण्याचे चिन्ह असते. तेथे खोगीर इतके दाबून बसलेले असते की घाम सुटण्याची क्रियाच अडते. असा दाब दीर्घकाळ राहिला की त्या जागी पांढरे केस उगवतात आणि बहुधा जन्मभर जात नाहीत. बाजारात घोडा पाहणारा नवखा माणूस त्या पांढऱ्या ठिपक्यांना शोभा समजतो.

माथेरानला ही जाणती नजर अजून आढळते. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि गावाची ख्याती झाली. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर आली. परंतु पाहुण्यांच्या मोटारींना दस्तुरी नाक्यापाशीच थांबावे लागते. तेथून बाजारपेठेपर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची वाट, आणि पुढे शार्लोट तलाव, लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट अशी भटकंती पाहुण्यांनी पायी करावी किंवा घोड्यावरून, अशी गावाची जुनी रीत. २०२२ च्या डिसेंबरात तेथे ई-रिक्षा प्रथम धावल्या आणि घोड्यांवर पोट असलेल्या घरांत धास्ती शिरली. ती धास्ती येथे सांगण्याचे कारण एवढेच, की ज्याच्या पाठीवर घर चालते त्याच्या पाठीकडे माणूस कोणत्या मनःस्थितीत पाहतो, हे ध्यानात असावे.

या गावातल्या एका वृद्ध अश्वपालकांना सगळे मामा म्हणतात. त्यांच्याकडे दोन जनावरे आहेत. एक पांढरा घोडा, स्वभावाने थंड, लहान मुलांना निर्धास्त बसवावे असा. दुसरी कुमाईत घोडी, अकरा वर्षांची, चालीला हलकी आणि मनाला तिखट. गिऱ्हाइकांबरोबर हिंडण्याचे काम आता भाचा करतो. मामांचे गुडघे उतारावर साथ देत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला सकाळची चंदी आणि संध्याकाळचे अंग एवढेच उरले आहे. ‘अंग’ हा त्यांचाच शब्द. खोगीर उतरल्यानंतर घोड्याचे जे काही करायचे, म्हणजे खरारा, पुसणे, चोळणे, खूर पाहणे, त्या सगळ्याला मिळून ते ‘अंग करणे’ म्हणतात.

वडिलांकडून आलेली त्यांची रीत दणकट होती. आधी खरारा, मग गवताचा पीळदार बोळा करून त्याने मानेवर, खांद्यांवर, पुठ्ठ्यांवर ठेक्यात आपटत घासणे, आणि शेवटी दोन्ही तळहातांवर देहाचा भार टाकून मालीश. जुन्या पागांमधून हीच विद्या चालत असे. घोड्याचे कातडे आरशासारखे चमकले पाहिजे आणि मोतद्दार घामाने निथळला पाहिजे, असा तिचा दंडक. ती विद्या खोटी नव्हे. दिवसभराच्या श्रमाने अवघडलेल्या निरोगी स्नायूला असा दणका मानवतो, अंगात ऊब येते आणि घोडा सुखावून डोळे मिटतो. पण दुखऱ्या पाठीशी हीच विद्या वैर करते, हे मामांना साठी उलटल्यावर कळले.

त्या वर्षी चैत्र सरता सरता घोडी बदलली. तंग आवळताना कान मागे पाडू लागली. एकदा वळून तिने भाच्याच्या बाहीला दात लावले. उतारावर पाऊल आखडते घेई, मध्येच डोके झटकी, आणि खोगीर ठेवताक्षणी पाठ खाली ओढून घेई. भाच्याने निदान केले, घोडी अंग चोरते.

‘अंग चोरणे’ या वाक्प्रचाराला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. थंडीने, संकोचाने किंवा मार चुकवण्यासाठी देह आक्रसून घेणे हा एक. आणि कामात कुचराई करणे हा दुसरा. पहिला अर्थ देहाचा, दुसरा चारित्र्याचा. मराठी माणूस दोहोंसाठी एकच शब्द वापरतो, आणि जनावरांच्या बाबतीत तर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला त्याला क्षणही लागत नाही. दुखण्यापासून देह मागे घेणारे जनावर कामचुकार ठरते, आणि कामचुकाराला औषध एकच. सुदैवाने मामांच्या घरी चाबूक फारसा चालत नसे. त्यांनी तेल कोमट केले आणि घोडीच्या पाठीला ते नेहमीच्या दुप्पट जोराने चोळू लागले. डाव्या खांद्याच्या मागे, जेथे खोगिराचा पुढचा भाग बसतो, तेथे त्यांच्या हाताला लाकडासारखे काहीतरी लागत होते. गाठ आहे, ती फोडली पाहिजे, असे त्यांनी मनाशी ठरवले. जितका जोर लावावा तितके ते लाकूड अधिक घट्ट होई. चार संध्याकाळी हे चालले. पाचव्या संध्याकाळी मामा तेलाची वाटी घेऊन येताना दिसले आणि घोडी ठाणावरच, दावे ताणून, भिंतीशी जाऊन उभी राहिली.

योगायोगाने त्याच आठवड्यात जनावरांच्या तपासणीचे एक शिबिर गावात भरले होते. त्यात आलेल्या एका तरुण पशुवैद्य बाईंनी घोडीला मोकळ्यावर चालवून पाहिले, खूर आणि पाय तपासले, पाठीवरून एकदा बोटे नेली, आणि मामांना त्यांचा हात कसा चालतो ते दाखवायला सांगितले. मामांनी दाखवला. बाई म्हणाल्या, “मामा, जोर काढा.”

“काढला.”

“अजून काढा. दुधावरची साय आहे असे समजा. बोट लागले पाहिजे, पण साय फाटता कामा नये.”

मामा हसले. “बाई, एवढ्याने तिला कळणार तरी आहे का? माशी बसल्यासारखे वाटेल तिला.”

“माशी बसलेली तिला कळते ना?”

या प्रश्नाला मामांकडे उत्तर नव्हते, कारण उत्तर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होते. घोड्याच्या धडावर कातडीखाली एक पातळ, पसरट स्नायू असतो. माशी बसली की शरीराचा बाकीचा भाग स्तब्ध ठेवून तेवढीच कातडी तो थरथरवतो. पाचशे किलोंच्या आसपास वजन भरू शकणाऱ्या प्राण्याला माशीचे पाय कळतात. अशा देहाशी बोलताना माणूस आपल्या तळहाताने, गुडघ्याने, टाचेने आणि लगामाने केवढ्या मोठ्याने ओरडत असतो, याची कल्पना एरवी येत नाही.

बाईंनी जी रीत दाखवली ती सांगायला सोपी आहे. मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या किंचित मागे, बोटांची टोके टेकवायची. तेथून आयाळीच्या खालून, मग पाठीच्या कण्यापासून दोन-तीन बोटे अंतर राखून पुठ्ठ्यापर्यंत, आणि तेथून मागच्या पायावरून खुरापर्यंत बोटे न्यायची. न्यायची म्हणजे सरकवायची, तीही अशी की मुंगीला मागे टाकता येऊ नये. नजर मात्र हाताकडे नाही, घोड्याच्या डोळ्याकडे. कोठेतरी पापणी लवते. ओठाची कड किंचित हलते, श्वासाची लय बदलते. त्या जागी बोटे थांबवायची आणि काहीही करायचे नाही. दाबायचे नाही, चोळायचे नाही. फक्त तेथे असायचे. अर्धा मिनिट जाईल, तीन मिनिटे जातील. मग घोडा ओठ चाटतो, चावल्यासारखे करतो, नाकातून लांब फुरफुर सोडतो, कधी डोके हलवतो, कधी एकामागून एक जांभया देतो. तेव्हा हात पुढे न्यायचा. पुढे मान आणि कवटी जेथे जुळतात तेथे एका हाताने नाकावर किंचित डोलावा द्यायचा, तोही घोडा आपण होऊन मान सोपवील तेवढाच. घोड्याने मान आखडली की माणसाने हात सैल करायचा. या विद्येतला हा सर्वांत अवघड नियम. कारण विरोध झाला की पकड वाढवणे हे माणसाच्या हाडामासात भिनलेले आहे.

पहिल्या संध्याकाळी बराच वेळ काहीच घडले नाही. घोडी भिंतीकडे पाहत उभी होती. भाचा दाराशी टेकून हे नाटक बघत होता. मामांची बोटे खांद्याच्या मागच्या त्या लाकडावर पोचली आणि घोडीची पापणी लवली. मामा थांबले. गावातला गलबला हळूहळू विरला, कोठेतरी शेवटच्या गिऱ्हाइकाची घोडी परतताना नालांचा आवाज झाला, तरी मामा थांबलेलेच. मग घोडीचा खालचा ओठ लोंबला. तिने मान खाली सोडली आणि जबडा पूर्ण उघडून, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेपर्यंत वळवून, लागोपाठ पाच जांभया दिल्या. मामा ओशाळल्यासारखे म्हणाले, “मी तर काहीच केले नाही.”

करण्याची विद्या आयुष्यभर शिकलेल्या माणसाला न करण्याची विद्या शिकणे जड जाते. शिवाय त्यात एक अपमानही असतो. आजवरचे आपले सारे करणे या प्राण्याने नुसते सोसले होते काय, असा प्रश्न मनात उभा राहतो.

घोडा सोसतो, यात शंका नाही. मोकळ्या माळावर वाघ-लांडग्यांचे भक्ष्य म्हणून ज्याच्या वंशाची घडण झाली, तो प्राणी दुखणे चेहऱ्यावर सहजी येऊ देत नाही. कळपात लंगडणारा आधी मारला जातो. म्हणून दुखरा स्नायू आवळून, त्याचे काम शेजारच्या स्नायूकडे सोपवून तो चालत राहतो आणि पाहणाऱ्याला ठणठणीत दिसतो. घोड्याला गळ्याचे हाड नाही. त्याचे धड दोन पुढच्या पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. तेव्हा खांद्यामागची एक जागा आवळली गेली की मान, पाठ, पुढचे पाऊल, सगळ्यांचीच व्यवस्था बिघडते. इंग्लंडमधील अश्ववैद्य स्यू डायसन यांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली स्वाराखालच्या घोड्याच्या २४ वर्तनचिन्हांची यादी प्रसिद्ध केली. कान मागे पाडणे, डोके झटकणे, पाऊल आखडणे अशा गोष्टी तिच्यात आहेत. त्यांपैकी आठ किंवा अधिक चिन्हे दिसली तर हाडा-स्नायूंच्या दुखण्याचा संशय घ्यावा, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडे ज्याला नाठाळपणा म्हणतात त्याची ही बहुतेक पूर्ण सूची आहे, हे वाचताना मन चरकते.

हलक्या हाताची ही विद्या आज जगभर निरनिराळ्या नावांनी चालते. अमेरिकेतील जॅक मीगर यांनी खेळाडूंच्या मालीशचे तंत्र घोड्यांना लावून १९८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी बोटांच्या लहान वर्तुळांची पद्धत रूढ केली. पापणीच्या लवण्यावर थांबण्याची जी रीत मामांना दाखवण्यात आली ती जिम मास्टरसन यांच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे, आणि तिच्यातली कानापासून खुरापर्यंतची रेघ चिनी वैद्यकातल्या मूत्राशयाच्या नाडीमार्गावरून घेतलेली आहे. या सगळ्यांमागचे शास्त्र अजून तुटपुंजे आहे, हेही सांगितले पाहिजे. जांभई पोटदुखीतही येते. ओठ चाटणे ताण सरत असताना दिसते, पण त्यावरून गाठ सुटलीच असे म्हणणे घाईचे होईल. त्यातल्या त्यात भक्कम आधार एका साध्या प्रयोगाचा आहे. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर क्लॉडिया फे आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घोडे एकमेकांना जेथे दातांनी खाजवतात त्या मानेच्या बुंध्याशी माणसाने हाताने तसेच केले, तेव्हा हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी तसेच केले तर मंदावले नाहीत. म्हणजे जागा महत्त्वाची आहे, आणि ती जागा घोड्यांनी आपसांत केव्हाच ठरवून ठेवलेली आहे.

घोड्याच्या पाठीला हातच लावावा, हत्यार लावू नये, ही समजूतही आजची नव्हे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की कण्यावरचे केस साफ करताना कोणतेही साधन वापरू नये. केसांच्या दिशेने नुसता हात फिरवावा, म्हणजे स्वार जेथे बसतो ती जागा दुखावणार नाही. आपल्याकडे कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान सांगितले आणि पागेच्या नोकरवर्गात केशकाराचीही गणना केली. शालिहोत्राच्या नावाची वैद्यकपरंपरा तर इतकी मुरली की काही भाषांत घोड्याच्या वैद्याला सालोत्री हेच नाव पडले. विराटाच्या घरी नकुल ग्रंथिक या नावाने राहिला तो घोड्यांचा जाणकार म्हणूनच.

परंतु या विषयावरचा सर्वांत विलक्षण प्रसंग द्रोणपर्वात आहे. जयद्रथवधाचा दिवस. सूर्य कलला आहे, प्रतिज्ञा पुरी व्हायची आहे, आणि अर्जुनाचे घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले आहेत. रणाच्या ऐन मध्यावर अर्जुन रथाखाली उतरतो, शत्रूला एकट्याने थोपवून धरतो, बाणाने भूमी फोडून जलाशय निर्माण करतो आणि बाणांचेच एक घर उभारतो. त्या घरात कृष्ण घोडे सोडतो. त्यांच्या अंगातली शल्ये स्वतःच्या हातांनी उपटून काढतो, मग त्यांना हातांनी चोळतो, लोळू देतो, पाणी पाजतो, चारा घालतो. आणि त्यांचा शीण गेल्यावर पुन्हा रथाला जोडतो. कौरवसैन्य थक्क होऊन पाहत राहते. व्यासांनी कथेचा वेग येथे का रोखला असावा, याची चर्चा अभ्यासकांनी करावी. आपल्या संतांना आणि कीर्तनकारांना मात्र या प्रसंगात फक्त देवाची भक्तवत्सलता दिसली. अर्जुनाची घोडी धुणारा देव मराठी भक्तिपरंपरेत पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी श्रोत्यांचे डोळे त्या देवाकडे लागतात, घोड्यांकडे नाही.

घोड्यांकडे पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली क्रमाची. कृष्णाने आधी शल्य काढले आणि मग हात फिरवला. रुतलेल्या बाणाभोवती कितीही मायेने चोळले असते तरी ती माया त्या घोड्यांच्या कामाची नव्हती. दुसरी गोष्ट जरा बोचरी आहे. एवढे सारे झाल्यावर ते घोडे पुन्हा त्याच युद्धात गेले. त्यांचा शीण घालवला तो त्यांना जुंपण्यासाठी. जो हात सुख देतो तोच हात पुढे जू ठेवतो, आणि पाळीव जनावर असलेल्या प्रत्येक घरात संध्याकाळचा हात आणि सकाळचा हात एकाच मनगटाला असतात.

मामांना द्रोणपर्व ठाऊक होते की नाही, हे विचारण्याचे कारण नाही. क्रमाचा धडा त्यांना घोडीने शिकवला. दहा-बारा संध्याकाळी त्यांनी बोटे ठेवली. रोज रात्री ती जागा सैल पडे, घोडी जांभया देई, ठाणावर एक मागचा पाय मोडून पेंगत उभी राही. आणि रोज सायंकाळी खोगीर उतरले की ते लाकूड पुन्हा तेथेच, तसेच. रात्री मामा भरत होते आणि दिवसा घागर गळत होती. बाईंनी जाताना सांगितले होते, “मोकळी केलेली जागा रोज पुन्हा बांधली जात असेल तर हाताला दोष देऊ नका, मामा. खोगीर बघा.” ते शब्द तेव्हा कानावरून गेले होते. आता मामा दुपारी काठी टेकत नाक्यापर्यंत गेले आणि एका झाडाखाली बसून त्यांनी घोडीचा दिवस पाहिला.

पाहुणे येत. सगळे डाव्या बाजूने चढत. डाव्या बाजूने चढण्याची चाल तलवारीच्या काळातली. कमरेला डावीकडे तलवार लटकत असे म्हणून उजवा पाय पलीकडे टाकणे सोयीचे, असे सांगतात. तलवारी गेल्या, बाजू राहिली. घोड्यावर कधी न बसलेला माणूस डाव्या रिकिबीत पाय घालून सारे वजन तिच्यावर टाकतो, दोन्ही हातांनी खोगीर ओढतो, आणि क्षणभर लटकतो. त्या क्षणात खोगीर डावीकडे ओढले जाते आणि त्याची पुढची कड खांद्यामागे रुतते. मामांनी त्या दुपारी असे नऊ जण चढताना मोजले. नवव्या वेळी घोडीने पाठ खाली ओढून घेतली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या खांद्यात कळ आल्यासारखे झाले.

घरी येऊन त्यांनी खोगीर पालथे घातले. कण्याला मोकळी वाट राहावी म्हणून खोगिराच्या दोन गाद्यांच्या मध्ये एक पन्हळ असते. वजन गाद्यांनी पेलायचे, कण्याने नाही. डाव्या गादीतली भरताड पुढे सरकून गोळा झाली होती आणि मागे पोकळ पडली होती. मराठीत निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणतात. हा शब्द रूढ करणाऱ्याने खोगीर फक्त वरच्या बाजूने पाहिलेले असावे.

त्या रात्री मामांनी भाच्याला सांगितले, घोडी आठ दिवस बाहेर काढायची नाही.

भाचा तडकला नाही, हे विशेष. तो शांतपणे म्हणाला, “मामा, मे महिना आहे. पाऊस लागला की तिला पुढे विश्रांतीच आहे. आत्ता हे पंधरा दिवस गेले तर चंदी कशावर घालायची? गिऱ्हाईक आता थांबत नाही, दुसरीकडे बसून जाते.”

त्याचा हिशेब चूक नव्हता. चंदी घोडीच्याच कमाईतून येत होती आणि घोडी राखण्यासाठीच घोडी चालवावी लागत होती. जनावरावर दया करा म्हणून सांगणाऱ्यांना हा हिशेब बहुधा मांडावा लागत नाही. आणि ज्यांना तो मांडावा लागतो त्यांच्या दयेला दर वेळी किंमत पडते. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चार दिवस.” चार दिवसांवर तडजोड झाली. त्यानंतर घोडीवर मुले नाहीतर हलकी माणसे बसवायची, दिवसाला तीनच फेऱ्या, आणि चढताना दगडाच्या ओट्यावरून चढवायचे, तेही एक जण डावीकडून तर दुसरा उजवीकडून. उजवीकडून चढायला सांगितल्यावर पाहुणे हसतात, असे भाचा म्हणाला. मामा म्हणाले, हसू दे.

ते चार दिवस घोडी सावलीला उभी राहिली. दुसऱ्या संध्याकाळी मामांचा हात खांद्यामागे पोचला आणि तेथे प्रथमच लाकडाऐवजी मांस लागले. खाली उतरणारे, हाताखाली श्वास घेणारे. घोडीने मान वळवून मामांच्या कोपराला नाक लावले आणि मग तेथेच वरच्या ओठाने खाजवू लागली, जसे कळपातले घोडे एकमेकांना खाजवतात. खरे म्हणजे हे थांबवायला हवे. ओठांमागून दात येतात. मामांनी थांबवले नाही.

पण घरात दोन घोडे होते. घोडी उभी राहिली म्हणजे तिच्या फेऱ्या पांढऱ्याने केल्या. तो थंड स्वभावाचा, कान न पाडणारा, दात न लावणारा. त्याच्याबद्दल कधी कोणाची तक्रार नसे. तिसऱ्या संध्याकाळी घोडीचे अंग झाल्यावर मामा सहज त्याच्याकडे वळले आणि कानामागून बोटे नेऊ लागले. मानेवर काही नाही. आयाळीखाली काही नाही. खांद्याच्या मागे, डावीकडे, त्याची पापणी लवली. मामा थांबले. घोडा हलला नाही, जांभई दिली नाही, ओठही चाटला नाही. नुसता उभा राहिला, जसा तो नेहमीच उभा राहत आला होता. मामांची बोटे तेथे खूप वेळ होती.

अंधार पडल्यावर भाचा नाक्यावरून आला तेव्हा मामा ओट्यावर घोडीचे खोगीर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी त्याला बत्ती धरायला सांगितली. जाड सुईने एकेक टाका उसवत त्यांनी डाव्या गादीचे तोंड मोकळे केले आणि आत दोन बोटे घालून भरताड बाहेर काढली. घामाने आणि वर्षांच्या दाबाने तिचे सुपारीएवढे, आवळ्याएवढे घट्ट गोळे झाले होते. मामा ते एकामागून एक फरशीवर ठेवत गेले. भाच्याने त्यांतला एक उचलला, मुठीत दाबून पाहिला, आणि मग मूठ न उघडता तसाच आपल्या बरगडीवर, खांद्याच्या खाली, दाबून पाहिला. थोड्या वेळाने त्याने बत्ती खुंटीला अडकवली आणि आत जाऊन पांढऱ्याचेही खोगीर घेऊन आला.